रात्रीचे पाजणे सुटताना

मुरगूडसारख्या गावात रात्री दोन वाजता रडणाऱ्या बाळाचा आवाज एका खोलीत राहत नाही. भिंतीला भिंत लागलेली घरे. शेजारीही कुणीतरी कूस बदलते. आपली झोप वयामुळे आधीच सावध झालेली, म्हणून सर्वांत आधी आपण जागे होतो आणि तोंडून नकळत निघते, "त्याला घे गं जरा अंगावर." सून उठते, पाजते, बाळ निजते. दीड तासाने पुन्हा तेच. सकाळी शिवारात, शाळेत किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारी ती आई किती वेळ झोपली, हे मात्र कोणी विचारत नाही.

अशा घरात रात्रीचे पाजणे कमी करण्याचा विषय निघाला की आजीला वाटते, बाळाचे दूध तोडायला निघाले. तसे नाही. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध आणि त्यानंतर वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे व पुढेही अंगावरचे दूध, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. रात्रीचे बंद झाले तरी दिवसाचे चालूच राहते. ही गोष्ट घरात एकदा मोकळेपणाने बोलून घ्यावी, म्हणजे पुढचे निम्मे वाद टळतात.

वय मात्र पाहावे लागते. सहा महिन्यांच्या आत हा विचारही करू नये. तान्ह्याचे पोट लहान असते आणि दूध तयार करणारे संप्रेरक रात्री अधिक स्रवते. त्या काळात रात्रीचे पाजणे तोडले तर दूधच आटण्याचा धोका. बाळाला फसवण्यासाठी पाणी पाजणे तर सर्वथा चूक. सहा महिने ते एक वर्ष या काळात अनेक बाळांना रात्री खरोखर भूक लागते. तेव्हा वजन नीट वाढत असेल आणि डॉक्टरांची संमती असेल, तरच एखादे पाजणे कमी करावे. वर्ष उलटले, बाळ दिवसा नीट जेवू लागले, की निश्चिंत मनाने आरंभ करता येतो.

आता जे आजी-आजोबांच्याच हाती आहे, त्याकडे येऊ. आई दिवसभर बाहेर असली की बाळ पुष्कळदा दिवसा थोडेसेच खाते आणि सगळी कसर रात्री तिच्या कुशीत भरून काढते. त्यात पोटाची भूक असते, तशी सहवासाचीही असते. म्हणून रात्रीच्या दुखण्याचे औषध दिवसाच्या वाटीत शोधावे. वरणाचे नुसते पाणी पोट भरते, अंगी लागत नाही. मूगडाळ घालून शिजवलेला मऊ भात तुपासह, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले केळे, उकडलेले अंडे, असे काही द्यावे. आणि ते इतके दाट असावे की चमचा तिरपा केला तरी ओघळू नये. चहात बुडवलेले बिस्कीट हे जेवण नव्हे. आपल्याकडे ते फार प्रेमाने भरवले जाते, म्हणून मुद्दाम सांगावे लागते. आई घरी परतल्यावर तिच्या हातातले काम आपण घ्यावे आणि तिला बाळाला घेऊन शांतपणे बसू द्यावे. झोपण्यापूर्वीचे पाजणे दिव्याच्या उजेडात, बाळ जागे असतानाच उरकावे. मग थोपटणे, अंगाई, पाळणा.

आपण सगळेच रात्रीतून अनेकदा अर्धवट जागे होतो आणि पुन्हा झोपतो. बाळाला परत झोपी जाण्याची एकच वाट ठाऊक असते, ती आईच्या कुशीतली. दुसरी वाट आपण दाखवायची. त्यासाठी प्रथम एकच पाजणे निवडावे. दर दोन रात्रींनी त्याचा वेळ दोन-दोन मिनिटांनी कमी करावा. ते अगदी थोडे उरले की त्या वेळी आईऐवजी वडिलांनी किंवा आजीने उठावे. आईचा गंध आला की बाळाला दूधच आठवते. वर्षावरील बाळाला वाटीने दोन घोट पाणी द्यायला हरकत नाही. ते रडेल, आपण जवळ असावे. दार लावून रडू द्यावे, हा उपाय मला पटत नाही, आणि चार माणसांच्या घरात त्याची गरजही नसते. एक स्थिरावले की दुसरे.

स्तनाला कडुनिंब किंवा कोरफड लावून एका रात्रीत तोडण्याची रीत आपण पाहिली आहे. त्यात बाळ भेदरते आणि आईचे दूध साकळून गाठी होतात, ताप भरतो. वाग्भटांनीही 'अष्टांगहृदया'त दात आल्यावर बाळाला स्तनापासून क्रमाक्रमाने दूर न्यावे असेच सांगितले आहे आणि चारोळी, लाह्या, खडीसाखर यांचे लाडू सुचवले आहेत. त्यांत मधही आहे. तो मात्र वर्षाच्या आत देऊ नये, हे आजचे ज्ञान. छाती फार जड झाली तर आईने बरे वाटेल इतकेच दूध हाताने काढावे.

झोपेसाठी गुंगीचे काहीही देऊ नये. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणीकामगार बायका नाइलाजाने तान्ह्यांना अफूची 'बाळागोळी' देऊन कामावर जात. आज कुणी अफू देत नसेल, पण खोकल्याचे औषध किंवा ब्रँडीचा थेंब देणारी घरे अजून आहेत. मोल तेच मोजावे लागते.

थोडे आपल्याविषयी. आपण झोपेची गोळी घेत असाल तर बाळाला शेजारी निजवू नका, आणि त्याच्यावर जड वाकळ घालू नका. गुडघे धरलेले असतील, उठताना चक्कर येत असेल, तर अंधारात बाळाला उचलू नये. मंद दिवा ठेवावा आणि बसूनच पाळण्याची दोरी हाती घ्यावी. आजोबांनाही हे काम उत्तम जमते.

आणखी एक, थोडे नाजूक. रात्रीचे पाजणे थांबले की पुन्हा दिवस राहण्याची शक्यता वाढते. ते बोलणे आपण नव्हे, त्या दोघांनी आशाताईंशी किंवा डॉक्टरांशी करावे.

ताप, जुलाब, दाताचा त्रास असताना हे सगळे बाजूला ठेवून बाळाला मागेल तेव्हा पाजावे. लघवी कमी झाली किंवा वजन वाढेनासे झाले तर दवाखाना गाठावा. बरे वाटल्यावर पुन्हा एकाच पाजण्यापासून आरंभ करावा. मागच्या वेळी जे चार रात्रींत साधले, त्याला या वेळी सहा लागतील.