ऊन पडलं म्हणजे बर्फ बसला?

एप्रिल-मेच्या सुट्टीत निपाणी, चिकोडी, बेळगावकडून मनालीला ट्रेकसाठी निघणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं : ‘हिमस्खलन थंडीत होतं हो, आता तिकडे ऊन पडलंय.’ हिमस्खलन म्हटलं की आपल्या भागाला आठवतात ते धारवाड जिल्ह्यातल्या बेटदूरचे लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद, आणि ते सियाचीनमध्ये गाडले गेले ३ फेब्रुवारी २०१६ रोजी; म्हणून धोका फेब्रुवारीपुरताच, असा हिशेब मांडला जातो. सिक्कीममध्ये नथू लाच्या रस्त्यावर ७ पर्यटक दगावले ती तारीख मात्र ४ एप्रिल २०२३ होती, आणि तीही दिवसाढवळ्या.

ऋतू बदलला की धोका जात नाही, त्याचं कारण बदलतं. थंडीत वाऱ्याने साचवलेला कोरडा थर खालच्या कच्च्या थरावर टिकून असतो आणि वर भार पडताच निसटतो. उन्हाळ्याच्या तोंडाला हेच काम पाणी करतं. वरचा बर्फ वितळून पाणी आत झिरपतं, कणांमधले बंध सुटतात. पावसाळ्यात पाणी सुटलेली गुळाची ढेप जशी आपल्याच वजनाने बसते, तसा ३०-४५ अंशांच्या उतारावरचा बर्फ आपल्याच वजनाने सुटतो. यावर उत्तर येतं, ‘पण ऊन लागून बर्फ घट्ट होतो, तिथलेच लोक सांगतात.’ अर्धंच ऐकलेलं असतं. घट्ट करते ती रात्र. आभाळ निरभ्र असेल तर उष्णता निघून जाते, झिरपलेलं पाणी गोठतं आणि पहाटे बर्फ दगडासारखा होतो. ढगाळ रात्री हे नीट घडत नाही. गोठला तरी पूर्वेकडचे उतार सकाळीच मऊ पडू लागतात, पश्चिमेकडचे दुपारी. म्हणजे पहाटे पाचला बिनधोक असलेली वाट बाराला जीवघेणी ठरू शकते. बूट घोट्याच्या वर रुतू लागले, उतारावरून बर्फाचे गोळे घरंगळू लागले, की वेळ संपली. महिना कुठला, हा प्रश्नच चुकीचा आहे. काल रात्री गोठलं का, हे विचारायला हवं.

बाकीचे समज किरकोळ. ओरडल्याने कडा कोसळत नाही. रॉयटर आणि श्वाइत्झर या स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी २००९ मध्येच दाखवलंय की आवाजाचा दाब त्यासाठी फारच तोकडा पडतो. ओला बर्फ हळू येतो खरा, पण थांबला की घट्ट आवळतो. आणि हणमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत सापडले हा अपवादातला अपवाद, तेही पुढे वाचले नाहीत. ‘नेचर’मधल्या १९९४ च्या अभ्यासानुसार पूर्ण गाडले गेलेल्यांची जगण्याची शक्यता १५ मिनिटांना ९२ टक्के असते, ३५ मिनिटांना ३०.

तेव्हा निघण्याआधी चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचे इशारे पाहा. मध्यरात्रीनंतर उठवणाऱ्या वाटाड्यावर वैतागू नका, आणि रात्री गोठलं नाही म्हणून तो ‘परत फिरा’ म्हणाला, तर पैसे भरलेत हे न सांगता परत फिरा.