बिघाड कळवा, गिऱ्हाईक नको

कुंभकोणमजवळच्या तिरुभुवनम्‌च्या रेशमी साडीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अशी साडी ऑनलाइन घेताना पैसे भरायचं पान अडकलं, की दुकानाचं ॲप तो बिघाड ‘सेन्ट्री’सारख्या बाहेरच्या सेवेला कळवू शकतं. बेसावध कोड असेल तर सोबत गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर, पत्ता, लॉगिनचं टोकनही जातं. सेन्ट्रीत ‘बिफोरसेन्ड’ फंक्शनमध्ये अहवाल निघण्याआधीच चाळता येतो. गाळणी तिथेच लावावी. ‘पासवर्ड’ नावाचा रकाना सेवा स्वतःहून झाकते, पण वेब-पत्त्याच्या शेपटाला चिकटलेला नंबर तिला ओळखू येईलच असं नाही. दुकानाच्या घरच्या नोंदींचा लॉग तरी कुठे सोवळा! २०१८ मध्ये ट्विटरच्या अंतर्गत लॉगमध्येच पासवर्ड उघडे सापडले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात बाहेरच्या सेवेच्या कामाचीही जबाबदारी दुकानावरच आहे. सुरक्षेत कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत.