पहिला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर : आमची फजिती आणि आमची निवड



आमच्या वयाच्या मंडळींना व्हॉल्व्हचा रेडिओ आठवत असेल. बटण फिरवलं की लगेच आवाज येत नसे. आतल्या काचेच्या बाटल्या हळूहळू तांबूस होत, अर्धाएक मिनिट जाई आणि मग रेडिओ सिलोन बोलू लागे. त्या रेडिओचं लायसन्स पोस्टात जाऊन भरावं लागे. हे नातवंडांना सांगितलं तर ती हसतात!

मुंबईहून निघताना आम्ही ट्रंकेत साड्यांच्या घड्यांमध्ये एल.पी. रेकॉर्डी घालून आणल्या होत्या. गीतरामायण, नाट्यगीतं, थोडी सिनेमाची गाणी. इतकी वर्षं त्या कपाटावर पडून होत्या. गेल्या वर्षी धाकट्या नातीने एक उचलून विचारलं, "सबा, सावता, ह्यात गाणं कुठं असतं?" झालं! रेकॉर्ड प्लेअर आला. प्लेअर आला म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर हवा. तो व्हॉल्व्हचाच हवा, असा आमच्या ह्यांचा हट्ट.

पहिली चूक आम्ही इथंच केली. जुन्या बाजारात एक सुरेख पेटी दिसली. विकणाऱ्याने शपथेवर सांगितलं, "चालू आहे." ९०० शेकेल मोजून घरी आणली आणि प्लग लावला. आधी घुंईऽऽ असा आवाज, मग जळका वास, मग धूर. नात अगदी शेजारी उभी. ह्यांनी प्लग ओढला म्हणून बरं. नंतर चष्मा लावून पाठीमागची पट्टी वाचली तर तिथं ११७ व्होल्ट लिहिलेलं. पेटी अमेरिकेची आणि आपल्या भिंतीत २३० व्होल्ट. बिचाऱ्या ट्रान्सफॉर्मरने दुप्पट वीज किती सोसावी?

पुढची गोष्ट त्याहून वाईट झाली असती. प्लग काढलाय म्हणून हे स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पेटी उघडायला बसले. आम्ही स्वयंपाकघरातून ओरडलोच. नर्सची नोकरी केलेल्या माणसाला विजेची भीती वेगळी असते. शॉक लागलेल्या पेशंटच्या बोटावर कधी कधी एवढासाच डाग दिसतो, पण आत हृदयाचे ठोके बिघडलेले असू शकतात. व्हॉल्व्हच्या पेटीत ३०० व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त असतात, आणि प्लग काढला तरी आतले कंडेन्सर ती वीज बराच वेळ धरून ठेवू शकतात. म्हणून मुलांनो, सबांनीसुद्धा उघडायचं नाही. ते काम जाणकाराचं.

असे एक जाणकार आपल्याच समाजात निघाले. एके काळी लॅमिंग्टन रोडवर रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांनी नातीला जे समजावलं ते आम्हालाही प्रथमच नीट कळलं. बाटलीतली हवा काढून घेतलेली असते. आतली तार तापली की इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या पत्र्याकडे धावतात. मध्ये एक जाळी असते. ती नळाच्या चावीसारखी. रेकॉर्डवरून आलेला इवलासा इशारा जाळीला मिळतो आणि जाळी त्या मोठ्या धारेला कमीजास्त करते. ही जाळी ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली बसवली. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर निघाला आणि पुढे बाटल्या मागे पडल्या.

मग आम्ही विचारलं, घ्यायचा कुठला? ते म्हणाले, "ताई, आधी स्पीकर दाखवा."

दुकानात कोणी हे विचारत नाही. स्पीकरच्या कागदावर एक आकडा असतो : १ वॅट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो. आमचे छोटे डबे ८४ चे निघाले. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे ९० डेसिबलवाला स्पीकर जितका आवाज काढतो, तितकाच काढायला आमच्या डब्यांना चौपट वॅट लागणार. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरला वॅट स्वस्त पडतात. व्हॉल्व्हमध्ये प्रत्येक वॅटला पैसे, वजन आणि उष्णता. तेव्हा आम्ही आधी ९० डेसिबलचे जुनेच पण मोठे स्पीकर घेतले आणि मग अ‍ॅम्प्लिफायर शोधायला लागलो. आमच्या दिवाणखान्यात गाणं ऐकायला एखादा वॅटसुद्धा पुष्कळ होतो. शिवाय ८५ डेसिबलवर रोज आठ तास हे कानांच्या दृष्टीने धोक्याचं समजतात, हे तरुण नातवंडांनी लक्षात ठेवावं.

एका हौशी गृहस्थांनी ३००-बी नावाच्या बाटलीची शिफारस केली. एका बाजूला एकच बाटली, ८ वॅट, आणि किंमत ऐकूनच ह्यांचं ब्लडप्रेशर चढलं. दुसऱ्या टोकाला अगदी स्वस्त पेट्या मिळतात. त्यांच्यात बाटली शोभेपुरती आणि खाली नारिंगी दिवा लावलेला. खरं काम आतली चिप करते. वाईट वाजत नाहीत, पण मग व्हॉल्व्हचं नाव कशाला?

शेवटी ई.एल. ८४ जातीच्या चार बाटल्यांचा, दर बाजूला १२ वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला. ह्या बाटल्या आजही स्लोव्हाकिया, रशिया, चीन इथं बनतात, त्यामुळे बदलायची वेळ आली तर मिळतील. आमच्या पेटीत बायस आपोआप लागतो, म्हणजे बाटली बदलताना मीटर घेऊन बसायला नको. म्हाताऱ्या माणसांनी हे आवर्जून विचारावं. रेकॉर्ड प्लेअरच्या सुईतून जेमतेम काही मिलिव्होल्ट येतात, म्हणून फोनो नावाचा वेगळा भाग लागतो. तो पेटीत नव्हता, तो निराळा घ्यावा लागला. आणि मागे स्पीकर जोडल्याशिवाय पेटी चालू करायची नाही, ट्रान्सफॉर्मर जातो. आमचा एक जाऊन चुकलाय.

बाटल्यांवर जाळीचं झाकण आहे. ह्यांना ते काढून दिवे बघायचे असतात, पण नात घरी असली की झाकण वरच. काच हाताला चटका देईल इतकी तापते. शब्बाथभर चालू ठेवायचा प्रश्नच नाही. शनिवारी रात्र पडली की लावतो.

आवाज खरोखर चांगला आहे का? जाणकार म्हणाले, व्हॉल्व्ह आवाजात स्वतःची थोडी भर घालतो आणि ती कानाला गोड लागते. आमचे वरच्या पट्टीतले सूर तर वयापरत्वे कधीच गेले, तेव्हा फरक सांगायला आम्ही कोण? पण फडक्यांचा आवाज आला तेव्हा हे उठून दाराजवळ जाऊन उभे राहिले. चाळीत शेजाऱ्यांच्या रेडिओवर गीतरामायण असंच ऐकायचे म्हणे, उंबऱ्याबाहेरून. नातीला शब्द कळले नाहीत, पण तिने विचारलं, "सबा, आत का नाही बसत?"

जळालेली पेटी माळ्यावर आहे. तिचा ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून मिळतो का, ह्याची चौकशी चालू आहे.