गाळाने घडवलेली पाणथळ

वैजापूर तालुक्यातली नारंगी नदी पावसाळा सरला की आटते. तालुक्याच्या दक्षिण शिवेवरची गोदावरी मोठी खरी, पण तीही वाहून जाणारी. दख्खनच्या काळ्या पाषाणात नैसर्गिक सरोवरे विरळा. हिमनद्यांनी कोरलेले खळगे इथे नाहीत, आणि लोणारसाठी आकाशातून अशनी कोसळावा लागला. आपण ज्याला तलाव म्हणतो ती बहुतेक ठिकाणी अडवलेली नदीच असते. म्हणून नदी, तलाव आणि पाणथळ यांतला फरक आकारात शोधू नये. पाणी किती काळ थांबते आणि गाळ कुठे टाकते, हे पाहावे.

वैजापूरला जलद कालव्याने पाणी देणारा नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा याचा उत्तम पुरावा आहे. निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवेच्या संगमाशी, तो शंभराहून अधिक वर्षे उभा आहे. पुराचे पाणी तिथे मंदावते. जड वाळू आधी बसते, काळी माती मागाहून. थरांवर थर चढून पात्र उथळ झाले, ऊन तळापर्यंत पोचले, पाणवनस्पती रुजल्या. त्यांनी पाण्याचा वेग आणखी मोडला, म्हणजे आणखी गाळ धरला. तलावाची पाणथळ झाली ती अशी. हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, तलवार बदके उतरतात ती याच उथळपणामुळे. खोल पाण्यात त्यांना चरता येत नाही. 2020 मध्ये हे राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झाले.

यावर आक्षेप रास्त आहे: वैजापूरचा शेतकरी कालव्याच्या आवर्तनाची वाट पाहत असताना गाळाने साठा खाल्ला, त्याचे कौतुक कसले? पण वैजापूरच्या हक्काचे पाणी मुख्यतः साठते ते इगतपुरीकडच्या मुकणे, भावली, भाम, वाकी या धरणांत. नांदूरच्या बंधाऱ्याचे काम पाण्याची पातळी उचलून ते कालव्यात वळवण्याचे. त्या कामाला पातळी लागते, खोली फारशी नाही. कालव्याच्या तोंडाशी आणि मुख्य प्रवाहात साचलेला गाळ मात्र काढायलाच हवा, कारण त्याने पाणी अडते आणि वरच्या गावांत पुराची फूग चढते. काठाच्या उथळ पट्ट्याचे तसे नाही. तो खरवडला तर वैजापूरच्या चाऱ्यांना फारसे वाढीव पाणी मिळणार नाही, आणि शतकभरात बसलेला थर, त्यातल्या मुळांसकट, एका उन्हाळ्यात जाईल. गाळ काढण्याचा आराखडा एकूण घनमीटरवर ठरवण्याऐवजी पात्राच्या कोणत्या भागात काय साचले आहे, यावर ठरवावा.