हात जोडण्याचा हक्क, न जोडण्याचाही

कुर्डुवाडी हे रुळांनी घडवलेले गाव. 1859 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे इथवर आली, तेव्हा स्थानकाचे नाव होते 'बार्शी रोड'. 1897 मध्ये इथून बार्शीपर्यंत अरुंद रुळांची बार्शी लाइट रेल्वे धावू लागली. 1906 मध्ये ती पंढरपूरला पोहोचली आणि 1927 मध्ये मिरजेला. जंक्शन झाले, रेल्वेचा कारखाना आला, नोकरीच्या निमित्ताने निरनिराळ्या जातिधर्मांची कुटुंबे येऊन राहिली. अशा गावात शाळेचा पट एकरंगी नसतो. पटावरची ती सगळी नावे रोज सकाळी परिपाठाला मात्र एकाच रांगेत उभी राहतात.

राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष आणि बहुतेक ठिकाणी शेवटी पसायदान, असा महाराष्ट्रातल्या परिपाठाचा क्रम. मुलांना तोंडपाठ असलेली प्रतिज्ञा 1962 मध्ये पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी तेलुगूत लिहिली. उद्देशिकेचे सामूहिक वाचन राज्य सरकारने 26 जानेवारी 2020 पासून सक्तीचे केले. ही सगळी नागरिकत्वाची भाषा आहे. प्रार्थना आली की देव येतो, आणि देव आला की कोणाचा, हा प्रश्न येतो.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. 1854 च्या वूडच्या खलित्याने सरकारी शाळांतले शिक्षण धर्मापासून अलग ठेवले. बायबल ग्रंथालयात असावे, कोणाला काही विचारायचे असेल तर वर्गाबाहेर विचारावे, इतकीच सवलत दिली. खरी ठिणगी पडली ती खासगी संस्थेत. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवले. उच्चवर्णीय विधवांना शिक्षण द्यायचे, धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचे, या भरवशावर न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळात आले होते. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने झोड उठवली, 1893 मध्ये रानडे-भांडारकरांसह सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या.

यात कोण चुकले? रमाबाईंनी कोणालाही ओढून आणले नव्हते. आपल्याच खोलीचे दार लावून घेण्याची सक्ती त्यांच्यावर का व्हावी? पण जिच्यावाचून शिक्षणाचा दुसरा आधार नाही, त्या बाईंच्या खोलीत शिरणारी बारा-चौदा वर्षांची विधवा मुलगी कितपत मोकळेपणाने शिरत होती, हा सल्लागारांचा प्रश्नही खोटा नव्हता. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातल्या नात्याला वजन असते. शाळेतल्या प्रार्थनेची सगळी अडचण या वजनात आहे. रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारले, तेव्हा ते उघडपणे ख्रिस्ती होते. कुर्डुवाडीहून पुण्याकडे निघालेली गाडी आजही त्या केडगाववरून जाते.

संविधानाने या पेचावर स्पष्ट तोडगा काढला. अनुच्छेद 28 प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. त्यासाठी संमती लागते, आणि मूल अज्ञान असेल तर पालकाची. डिसेंबर 1948 मध्ये संविधान सभेतल्या चर्चेत डॉ. आंबेडकरांनी यामागची अडचण मांडली होती: पंथ अनेक, प्रत्येकाची शिकवण वेगळी, आणि सर्वांच्या कराच्या पैशावर चालणाऱ्या शाळेने त्यांतली कोणती द्यायची? इथे एक बारकावा सहज निसटतो. पालकाने नकार कळवावा, असे संविधान म्हणत नाही. शाळेने आधी होकार घ्यावा, असे म्हणते. शाळेत नाव घालताना जन्मदाखला मागतात, आधार मागतात. प्रार्थनेसाठी संमती विचारल्याचे किती पालक सांगू शकतील?

नाशिकमधले प्रकरण तर शिक्षकाचेच होते. प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला त्यांनी नकार दिला. ते रांगेत उभे राहत, गोंधळ करीत नसत, फक्त हात जोडत नसत. संस्थेने ही बेशिस्त ठरवली आणि त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडली. 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला: हात न जोडणे ही बेशिस्त नव्हे, आणि तशी सक्ती करणे हा मूलभूत हक्काचा भंग आहे. त्याआधी 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या तीन भावंडांना न्याय दिला होता. राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत, म्हणून शाळेने त्यांना काढून टाकले होते.

म्हणून प्रार्थनाच हद्दपार करावी का? या मातीत तसे म्हणवत नाही. 'खरा तो एकचि धर्म' लिहिणारे साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून मे 1947 मध्ये त्यांनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले, आणि मंदिर खुले झाले. कुर्डुवाडीपासून पंढरपूर तासाभराच्या वाटेवर. त्यांची प्रार्थना इथल्या मुलांनी म्हणावी यात परके काय आहे? अनेक शाळांत म्हटली जाणारी 'ऐ मालिक तेरे बंदे हम' ही व्ही. शांतारामांच्या 1957 च्या 'दो आँखें बारह हाथ'मधली. ग. दि. माडगूळकरांच्या या कथेमागे होता औंध संस्थानाने आटपाडीजवळ केलेला खुल्या तुरुंगाचा प्रयोग. सांगोल्याच्या शिवेला लागूनच हा मुलूख आहे. सगळ्यांनी एका सुरात काहीतरी चांगले मागावे, याची गोडी मुलांना लागते, आणि ती मोलाची आहे.

पण 'सर्वधर्मसमभावाची आहे, मग हरकत कसली' हा युक्तिवाद पुरत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या शाळांची प्रार्थना अवघ्या 22 शब्दांची होती, कोणत्याही पंथाची नव्हती, आणि ती म्हणण्याची सक्तीही नव्हती. तरी 1962 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. इंग्लंडने उलट वाट धरली: 1944 च्या कायद्याने रोजची सामूहिक उपासना बंधनकारक केली आणि मुलाला त्यातून बाहेर ठेवण्याचा हक्क पालकाला दिला. आपल्याकडे केंद्रीय विद्यालयांतल्या प्रार्थनेचा वाद 2019 मध्ये घटनापीठाकडे पाठवण्यात आला. त्याच वर्षी उत्तर प्रदेशात पिलिभीतच्या एका सरकारी शाळेत इक्बालांची 1902 ची बालप्रार्थना म्हटली गेली, म्हणून मुख्याध्यापक निलंबित झाले. बहुसंख्यांची प्रार्थना सवयीने चालून जाते; दुसऱ्या कोणाची आली की ती धार्मिक असल्याचे एकदम आठवते. हा दुजाभाव मुलांच्या नजरेतून सुटत नाही.

कुर्डुवाडीसारख्या गावाला यासाठी घटनापीठाची वाट पाहण्याची गरज नाही. शिक्षणहक्क कायद्याने 2009 मध्ये सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या शाळांना शाळा व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. जूनच्या पहिल्याच सभेत परिपाठातल्या प्रार्थना या पालकांना वाचून दाखवाव्यात आणि ठरवताना सर्व वस्त्यांमधल्या आयांचे ऐकावे. संमतीचा कागद प्रवेश अर्जासोबत द्यावा. जे मूल हात जोडणार नाही, ते रांगेतच उभे राहील, त्याला वेगळे बसवले जाणार नाही आणि गुरुजी किंवा बाई त्याला कारण विचारणार नाहीत, एवढे मुख्याध्यापकांनी त्याच सभेत सांगावे आणि इतिवृत्तात लिहून ठेवावे.