कळलावी

कळलावी (शास्त्रीय नाव: ग्लोरिओसा सुपर्बा) ही कोल्चिकेसी कुळातील बहुवर्षायू, कंदयुक्त वेल आहे. आफ्रिका आणि भारतासह दक्षिण आशिया हे तिचे मूलस्थान होय. अग्निशिखा, खड्यानाग ही तिची अन्य नावे आहेत. प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी तिच्या कंदाचा पूर्वी वापर होत असे. त्यावरून ‘कळलावी’ हे नाव पडले. हे तमिळनाडूचे राज्यपुष्प आहे.

== वर्णन ==
पावसाळ्याच्या आरंभी जमिनीतील कंदातून नवा कोंब फुटतो. पानांची टोके तणाव्यांप्रमाणे आधाराला गुंडाळून वेल वर चढते. फुलाच्या सहा पाकळ्या मागे वळलेल्या व कडांना नागमोडी असतात. त्यांचा रंग पिवळ्यापासून लालभडक होत जातो. पावसाळ्यानंतर वेल वाळते, मात्र कंद जिवंत राहतो.

== बियांपासून लागवड ==
फळ पिकून तडकल्यावर आतील नारिंगी-लाल बिया काढून सावलीत वाळवतात. ताज्या बिया सुप्तावस्थेत असल्याने त्या काही महिने साठवून पुढील पावसाळ्याच्या तोंडावर पेरतात. बीजावरण कठीण असल्यामुळे पेरणीपूर्वी त्या पाण्यात भिजवतात. पाण्याचा निचरा होणाऱ्या वाळूमिश्रित मातीत सुमारे १ ते २ सेंमी खोलीवर बी टाकतात. उगवण सावकाश व असमान होते. काही रोपे आठवड्यांनी, तर काही महिन्यांनी वर येतात. त्यामुळे कुंडी लवकर रिकामी करू नये.

पहिल्या वर्षी रोपाला मोजकीच पाने येतात व जमिनीत लहान कंद तयार होतो. पाने पिवळी पडल्यावर पाणी थांबवावे, अन्यथा कंद कुजतो. कंदाच्या टोकावरील वाढीचा डोळा मोडल्यास तो सहसा पुन्हा फुटत नाही. म्हणून पुनर्लागवड करताना कंद जपून हाताळावा लागतो. बियांपासून वाढवलेल्या वेलीला फुले येण्यास साधारणतः तीन ते चार वर्षे लागतात. कंद लावल्यास फुले लवकर येतात.

== विषारीपणा ==
वनस्पतीचे सर्व भाग, विशेषतः कंद व बिया, कोल्चिसिन या अल्कलॉइडमुळे अत्यंत विषारी असतात. ते पोटात गेल्यास मृत्यू ओढवू शकतो. लागवड करताना हातमोजे वापरावेत आणि बिया व कंद मुलांपासून व गुरांपासून दूर ठेवावेत.

== संवर्धन ==
कोल्चिसिन संधिवाताच्या गाउट या प्रकारावरील औषधात वापरले जाते. तमिळनाडूत बियांसाठी कळलावीची शेती केली जाते. औषधासाठी रानातील कंद खणल्यास संपूर्ण वेल नष्ट होते. बिया गोळा केल्यास मात्र कंद जमिनीत राहतो आणि वेल पुढील पावसाळ्यात पुन्हा उगवते. म्हणूनच रोपे बियांपासून तयार करणे वेळखाऊ असले, तरी रानातील वेलींच्या रक्षणासाठी ते हितावह ठरते.