डब्लिनच्या कामगार वस्तीतले गायक

आयर्लंड हा देश आमच्या वाचकांना अगदीच परका नाही. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली मसुदा समितीने जी घटना तयार केली, तिच्यातील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेवरून घेतलेली आहे, हे आपल्या शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. पण त्या देशातली गोरगरीब माणसे कशी राहतात, काय सोसतात, काय गातात, याची खबर आपल्यापर्यंत येत नाही. गाण्याच्या बाबतीत आलेच तर एक नाव येते, 'यू-टू' या बँडचे. त्यांनी जग जिंकले. त्यांच्याबद्दल आमच्या मनात आकस नाही. पण त्याच शहरात, त्याच वर्षांत, त्यांच्याच तोलाचे म्हणावेत असे दुसरेही बँड होते. देशाने त्यांना डोक्यावर घेतले, पण समुद्र ओलांडून त्यांचे नाव गेले नाही. आज आम्ही त्यांच्याविषयी लिहीत आहोत.

बँड म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे वरातीपुढचा ताशा आणि पितळी वाजंत्री उभी राहते. इथला बँड तसा नव्हे. एक गाणारा, दोन-तीन गिटारी, एक ड्रम वाजवणारा. गाणी स्वतःच लिहायची, चाली स्वतःच लावायच्या आणि मोडक्या गाडीत सामान घालून गावोगाव जायचे. म्हणजे आपल्याकडच्या गायन पार्टीच्याच जवळचा प्रकार. फरक एवढाच की त्यांच्याकडे रेकॉर्ड कंपनी नावाचा एक मालक मध्ये असतो.

त्या मालकापाशीच सारी गोष्ट अडते. १९८६ च्या जनगणनेत आयर्लंडच्या प्रजासत्ताकाची लोकसंख्या सुमारे ३५ लाख होती. त्याच दशकातल्या मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. एवढ्याशा देशात एखादा बँड पहिल्या क्रमांकावर गेला तरी चार-पाच घरांच्या चुली त्यावर वर्षभर पेटत नाहीत. मग बाहेर जाणे आले. आणि बाहेर म्हणजे लंडन. कोणाची रेकॉर्ड काढायची, कोणाच्या जाहिरातीवर पैसा घालायचा, हे तिथल्या कचेऱ्यांत ठरायचे. जे साहेब ठरवायचे त्यांनी डब्लिनची गल्ली पाहिलेली नसे. आयर्लंड १९२२ मध्ये इंग्रजांच्या राज्यातून बाहेर पडले, पण गाण्याच्या धंद्यात मुखत्यारी लंडनचीच राहिली. गुण असूनही माणूस मागे का राहतो, हा प्रश्न आपल्या वाचकांना नवा नाही.

लंडनच्या दाराशी न जाताही काही करता येते, हे प्रथम दाखवले ते 'हॉर्सलिप्स' या बँडने. हा १९७० मध्ये डब्लिनला उभा राहिला. त्याआधी आयर्लंडमध्ये 'शोबँड' म्हणून मोठमोठे ताफे होते. एकसारखे कोट घालून ते इंग्लंड-अमेरिकेची गाजलेली गाणी जशीच्या तशी वाजवत आणि खेड्यापाड्यांतले नाचघर भरत. त्यांतला वॉटरफर्डचा 'रॉयल शोबँड' तर एवढा मोठा, की १९६२ मध्ये लिव्हरपूलच्या एका कार्यक्रमात त्यांचे नाव वर होते आणि पुढे जगभर गाजलेले 'बीटल्स' त्यांच्या आधी वाजवायला बसले होते. पण उसन्या गाण्यावर किती दिवस जगणार?

हॉर्सलिप्सने उसने टाकले. त्यांनी आयरिश खेड्यांतल्या जुन्या चाली घेतल्या, जुन्या लोककथा घेतल्या आणि त्या विजेच्या गिटारीवर चढवल्या. १९७३ ची त्यांची 'द टॉइन' ही रेकॉर्ड एका प्राचीन आयरिश कथेवर आहे. कथा एका बैलाची. एक राणी शेजारच्या राज्यातला बैल पळवायला सैन्य घेऊन जाते आणि एकटा तरुण वीर तिला अडवतो. बैलापायी झालेली लढाई म्हटल्यावर आमच्या ग्रामीण वाचकांना हसू येईल, पण त्या लोकांचे ते महाकाव्य आहे. बँडने रेकॉर्ड काढली तीही स्वतःच्या कंपनीतून. पहिल्या रेकॉर्डचे वेष्टण तर त्यांनी हाताने वाजवायच्या अष्टकोनी पेटीच्या आकाराचे केले होते. पैसा स्वतःचा, हुकूमही स्वतःचा. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती.

आणखी एका गोष्टीसाठी आम्हांला हा बँड मोठा वाटतो. त्या वर्षांत उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात रक्त सांडत होते. ३१ जुलै १९७५ च्या पहाटे 'मायामी शोबँड' कार्यक्रम करून परतत असताना बंदूकधाऱ्यांनी खोटा नाका लावून त्यांची गाडी अडवली आणि तिघा कलावंतांना ठार मारले. त्यानंतर बाहेरचे कलावंत बेलफास्टचे नाव काढीनात. हॉर्सलिप्स मात्र सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना जात राहिले. ते अमेरिकेलाही गेले, पण तिथे त्यांचा जम बसला नाही. १२ ऑक्टोबर १९८० ला त्यांनी शेवटचा कार्यक्रम केला, तोही बेलफास्टमध्ये, आणि बँड मोडला. दहा वर्षांनी, १९९० च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी, आयर्लंडच्या संघासाठी जे गाणे निघाले त्यात हॉर्सलिप्सच्याच एका गाण्याची गिटार वापरली होती. सारा देश ती चाल गुणगुणत होता.

आता डब्लिनच्या बंदराकडे वळू. जिथे नदी समुद्राला मिळते तिथे रिंग्सेंड नावाची वस्ती आहे. गोदीतले हमाल, काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यातले कामगार, कोळी, असे हातावर पोट असलेले लोक. त्या वस्तीला 'रेटाऊन' असेही म्हणतात, म्हणजे पाकट माशाचे गाव. या गावातून १९७७ च्या सुमारास 'द ब्लेड्स' हा बँड निघाला. पॉल क्लिअरी आणि त्याचा भाऊ लार, जोडीला एक ड्रम वाजवणारा. तिघांचाच कारभार. गाणी पॉलची.

या पॉल क्लिअरीच्या गाण्यांत काय होते? बेकारी होती, रिकामा खिसा होता आणि रिकाम्या खिशाने केलेले प्रेम होते. चाल मात्र रडकी नाही. ऐकताना पाय ठेका धरतो. दुःखाची गोष्ट ताठ मानेने सांगायची ही रीत ज्याने शाहिरांचा जलसा ऐकला आहे त्याला समजावून सांगावी लागणार नाही. सुरुवातीच्या दिवसांत डब्लिनच्या 'बॅगट इन' नावाच्या गुत्त्यात ब्लेड्स आणि यू-टू एकाच रात्री पाठोपाठ वाजवत. दोघांतला कोणता बँड पुढे जाईल यावर तेव्हा पैज लावली असती तर बरेच जण ब्लेड्सच्या बाजूने उभे राहिले असते, असे त्या काळचे लोक आजही सांगतात.

पण झाले उलटे. मोठ्या कंपनीशी जुळलेले सूत तुटले. हातातली गाणी लोकांपुढे यायला वेळ लागला. शेवटी आयर्लंडमधल्याच एका लहान कंपनीने १९८५ मध्ये 'द लास्ट मॅन इन युरोप' ही रेकॉर्ड काढली. त्याच वर्षी 'रेटाऊन रिव्हिजिटेड' हा जुन्या गाण्यांचा संग्रहही आला, आपल्या वस्तीचे टोपणनाव अभिमानाने पुठ्ठ्यावर छापून. तोवर मधली वर्षे निघून गेली होती. गाण्याच्या धंद्यात तीन वर्षे म्हणजे एक पिढी. १९८६ मध्ये ब्लेड्स संपला.

ते वर्षही कसे होते पाहा. देशात शंभरातले सतरा जण बेकार. जवान मुले बोटीने इंग्लंडला चाललेली. त्या मे महिन्यात डब्लिनला बेकारांसाठी 'सेल्फ एड' नावाचा मोठा कार्यक्रम झाला. यू-टूसह देशातले बहुतेक नामवंत तिथे गायले. त्यावर तेव्हाच टीकाही झाली की, काम देणे ही सरकारची जबाबदारी आहे, ती गाणी गाऊन आणि वर्गणी काढून भागवता येत नाही. टीका करणाऱ्यांचे म्हणणे आम्हांला पटते.

ब्लेड्स इंग्लंडला जाऊन तिथेच का राहिला नाही, असे कोणी विचारील. दक्षिणेकडच्या कॉर्क शहरातला 'मायक्रोडिस्ने' हा बँड तसा राहिला होता. १९८३ मध्ये ती मुले लंडनला गेली. वृत्तपत्रांनी वाहवा केली, मोठी कंपनी मिळाली, रेकॉर्ड निघाल्या. खपल्या मात्र नाहीत. १९८८ मध्ये तोही बँड फुटला. तेव्हा घर सोडले म्हणजे नशीब उघडते असेही नाही.

सर्वांत जास्त जीव लागतो तो 'ॲस्लन'च्या हकिगतीला, म्हणून ती आम्ही शेवटी ठेवली. डब्लिनच्या उत्तरेला फिंग्लस आहे. शहराच्या पोटातल्या कोंदट खोल्यांतून उठवलेल्या कामगार कुटुंबांना सरकारने विसाव्या शतकाच्या मध्याला तिथे घरे बांधून दिली. घरे आली, पण कामधंदा पुरेसा आला नाही. तिथल्या पोरांनी १९८२ मध्ये बँड काढला. नाव ठेवले ॲस्लन. बेलफास्टला जन्मलेले लेखक सी. एस. लुईस यांच्या मुलांच्या गोष्टींतला हा सिंह. गाणारा होता क्रिस्टी डिग्नम. उंच पट्टीत गेला तरी त्याचा आवाज पातळ होत नसे. १९८६ मध्ये 'धिस इज' हे गाणे आले आणि फिंग्लसची पोरे देशाला माहीत झाली. ईएमआय या बड्या कंपनीने त्यांना घेतले. १९८८ ची पहिली मोठी रेकॉर्ड आयर्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. तिचे नाव 'फील नो शेम', म्हणजे लाज बाळगू नकोस. आता इंग्लंड, आता अमेरिका, असे सगळे म्हणत होते.

पण वस्तीत दुसरेच काही शिरले होते. १९८० च्या आसपास डब्लिनच्या गरीब वस्त्यांत हेरॉईनचा पूर आला. आपल्याकडे ज्याला 'गर्द' म्हणतात तेच. श्रीमंतांच्या भागात नाही, गरिबांच्याच जिन्याखाली ते विकले जात होते. पोलीस बघत बसले तेव्हा १९८३ मध्ये आईबाप स्वतः उठले. त्यांनी संघटना काढली, आवारात सभा घेतल्या, विकणाऱ्याचे नाव भर सभेत घेतले आणि मोर्चा काढून त्याच्या दारात गेले. त्या आयांची कर्तबगारी कोणत्याही बँडहून मोठी आहे. त्यांनी पुष्कळ मुले वाचवली, सगळी नाही.

क्रिस्टी त्या पुरात सापडला. लहानपणी आपल्यावर लैंगिक अत्याचार झाला होता हे त्याने पुढे उघडपणे सांगितले, आणि नशेचे मूळ त्या जखमेत आहे असेही सांगितले. १९८८ मध्येच, यश दाराशी उभे असताना, साथीदारांनी त्याला बँडमधून काढले. त्यांनी कठोरपणा केला की बरोबर केले, यावर बाहेरच्या माणसाने निवाडा देऊ नये. कंपनीचा रस संपला, परदेशाचा रस्ता बंद झाला. १९९३ मध्ये ही मंडळी पुन्हा एकत्र आली आणि 'क्रेझी वर्ल्ड' हे गाणे केले. आयर्लंडमध्ये आजही लग्नकार्यापासून गुत्त्यापर्यंत ते म्हटले जाते. बाहेर मात्र ते फारसे कोणी ऐकलेले नाही.

व्यसन एका फटक्यात सुटत नाही. क्रिस्टीचे सुटले आणि पुन्हा लागले, असे कैकदा झाले. मग एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत तो थायलंडला, सरबुरी प्रांतातल्या थाम क्राबोक या बौद्ध विहारात उपचारासाठी गेला. या विहाराची माहिती आपल्या कुटुंबांना असायला हवी. पूर्वी पोलिसात असलेले भिक्खू चामरून आणि त्यांच्या नात्यातली एक वडीलधारी साधिका यांनी तिथे १९५९ च्या सुमारास व्यसनी माणसांवर उपचार सुरू केले. भिक्खूंना या कामाबद्दल १९७५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. माणूस आला की आधी शपथ घ्यायची. त्या शपथेचा थाई शब्द पालीतल्या 'सच्च' या शब्दावरून आलेला आहे, आणि सच्च ही दहा पारमितांपैकी एक हे आपण जाणतो. मग काही दिवस वनौषधींचा कडू काढा प्यायचा, सर्वांदेखत ओकून टाकायचे, अंगमेहनत करायची. पाचवे शील आपण दर पौर्णिमेला म्हणतो. तिथे ते असे अंगावर घेतात. क्रिस्टी बौद्ध झाला असे आम्ही म्हणत नाही. तो रोगी म्हणून गेला होता आणि विहाराने त्याला रोगी म्हणूनच आसरा दिला.

२०१३ मध्ये त्याला अमायलॉइडोसिस नावाचा असाध्य रोग असल्याचे निघाले. डब्लिनच्या ऑलिम्पिया थिएटरात त्याच्यासाठी कलावंतांनी कार्यक्रम केला. योगायोग असा की त्याच वर्षाच्या डिसेंबरात, त्याच थिएटरात, सत्तावीस वर्षांनी ब्लेड्स पुन्हा उभा राहिला आणि रिंग्सेंडच्या पॉल क्लिअरीची गाणी ऐकायला थिएटर भरले. क्रिस्टी त्यानंतर आणखी जवळजवळ दहा वर्षे गायला. कधी उभ्याने, कधी धाप लागून थांबत. १३ जून २०२३ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी, तो गेला. अंत्ययात्रा फिंग्लसमधून निघाली तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा माणसे उभी होती. त्यांत आजोबा होते, शाळेची मुले होती, आणि गाणी सगळ्यांना पाठ होती.